एम.एस्सी. फिजिक्स: आधी पहिल्या सेमिस्टरचं बघ, मग नोकरीचं

टी.वाय. बी.एस्सी.ला फिजिक्स, करमाळ्याजवळचं कॉलेज, आतापर्यंत सीजीपीए 8.4, दहावीपर्यंत मराठी माध्यम. पुण्याला विद्यापीठात एम.एस्सी. करावी, जवळ म्हणून सोलापूर बघावं, की हे सगळं सोडून सरळ बी.एड.ला जावं, असं तू विचारलं आहेस. पण तुझ्या प्रश्नातली दोन वाक्यं मला जास्त महत्त्वाची वाटली. एक, "एम.एस्सी. करून नोकरी लागत नाही असं सगळे म्हणतात." दुसरं, शेवटी घाईत लिहिलेलं, "माझं गणित कच्चं आहे, झेपेल का?" विद्यापीठ कुठलं हा प्रश्न या दोन्हींच्या नंतरचा आहे.

मी एका राज्य विद्यापीठाच्या फिजिक्स विभागात बरीच वर्षं शिकवते आहे. तालुक्याच्या कॉलेजांतून आलेली मुलं-मुली दरवर्षी पाहते. त्यांतली काही आज चांगल्या प्रयोगशाळांत आहेत, काहींनी दुसऱ्या सेमिस्टरला गाशा गुंडाळला. दोघांच्या बी.एस्सी.च्या गुणांत फारसा फरक नव्हता.

आधी नोकरीचं, कारण घरी तोच विषय निघत असणार. नुसत्या एम.एस्सी. फिजिक्सवर थेट लागणाऱ्या नोकऱ्या थोड्या आहेत. हे सांगणारे लोक खोटं बोलत नाहीत, ते अर्धंच सांगतात. ही पदवी बहुतेक ठिकाणी फक्त पात्रता म्हणून लागते आणि निवड दुसऱ्याच परीक्षेवर होते. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेत जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर पीएच.डी. करताना पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये आणि वर घरभाडं, पुढे 42,000. हे दर जानेवारी 2023 पासूनचे आहेत. सेट ही महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं. ती पास झालीस तर सहायक प्राध्यापक पदासाठी पात्र ठरतेस, फेलोशिप मात्र मिळत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलला एम.एस्सी.ला 60 टक्के लागतात आणि वर स्पर्धा चांगलीच तिखट.

एक वाट मुलांना सहसा माहीतच नसते, म्हणून इथे जरा थांबते. कॅन्सरच्या रुग्णालयात रेडिओथेरपीचं मशीन चालतं, तिथे मेडिकल फिजिसिस्ट लागतोच. अणुऊर्जा नियामक मंडळाचा तसा नियम आहे. रुग्णाला किती डोस, कुठल्या कोनातून, शेजारचा निरोगी अवयव कसा वाचवायचा, हे गणित तो मांडतो. त्यासाठी एम.एस्सी. फिजिक्सनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा करावा लागतो. भाभा केंद्राचा डिप्लोमा त्यात जुना आणि नावाजलेला. नंतर रुग्णालयात एक वर्ष इंटर्नशिप. जागा कमी असतात, पण डिप्लोमा झालेलं मूल घरी बसलेलं मी तरी पाहिलेलं नाही. याला बी.एस्सी.ला फिजिक्स मुख्य विषय हवा आणि एम.एस्सी.ला गुण हवेत. म्हणजे पहिल्या सेमिस्टरला घसरलीस तर हा दरवाजा तिथेच अर्धा बंद होतो.

कॉलेजात शिकवायचं स्वप्न असेल तर एक गोष्ट आत्ताच ऐकून ठेव. नेट-सेट झाल्यावरही बरीच वर्षं तासिका तत्त्वावर काढलेली माणसं तुला प्रत्येक जिल्ह्यात भेटतील. मानधन तासावर, सुट्टीत शून्य. कायम जागा निघतात तेव्हा एकेका जागेला अर्जांची रीघ लागते. "प्राध्यापक होईन" हा एकच बेत धरून एम.एस्सी.ला येऊ नकोस. बेतांमधला तो एक असू दे.

बी.एड.चं म्हणशील तर बी.एस्सी. बी.एड.वर दहावीपर्यंत शिकवता येतं. अकरावी-बारावीसाठी एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही लागतं. दोन्ही कधी ना कधी करायचंच असेल, तर आधी एम.एस्सी. कर असं मी सांगेन. बी.एड. तीन-चार वर्षांनी केलं तरी अडत नाही, पण फिजिक्सच्या गणितांवरचा हात दोन वर्षं सुटला की परत बसवणं फार जड जातं. शिवाय जेआरएफला वयाची अट आहे. घरची परिस्थिती अशी असेल की तीन वर्षांत पगार सुरू व्हायलाच हवा, तर मात्र हा सल्ला उलटा होतो. मग आधी बी.एड., शिक्षक भरतीची टेट परीक्षा, भरतीचं पवित्र पोर्टल, आणि एम.एस्सी. नंतर बाहेरून. घरचा हिशेब तुलाच माहीत.

आता गणिताचं. "गणित कच्चं" असं मला दरवर्षी कुणी ना कुणी सांगतं आणि खोदून विचारलं की बहुतेक वेळा गणित कच्चं नसतंच. कच्ची असते ती सवय. बी.एस्सी.ला आपल्याकडे पेपर कसा येतो? "श्रोडिंजरचं समीकरण मांडून एका मितीतल्या पेटीसाठी ऊर्जापातळ्या काढा." मुलं ती अख्खी डेरिव्हेशन पाठ करतात, न चुकता उतरवतात आणि गुण मिळतात. 8.4 असाच येतो. त्यात तुझी चूक काही नाही.

एम.एस्सी.च्या पहिल्या आठवड्यात मी हाच विषय घेते आणि एवढंच विचारते: कण पेटीच्या सगळ्यात खालच्या पातळीत आहे. पेटीची उजवी भिंत क्षणात मागे सरकवली, रुंदी दुप्पट झाली. आता कणाची ऊर्जा मोजली तर कुठली पातळी सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त? वर्गातला बहुतेक प्रत्येक जण म्हणतो, नवी सगळ्यात खालची. पाठांतराला हेच बरोबर वाटतं. प्रत्यक्षात भिंत सरकली त्या क्षणी कणाचं तरंगफलन बदलायला वेळच मिळालेला नाही. ते जुन्या अर्ध्या भागात होतं तसंच आहे. ते नव्या पेटीच्या फलनांत उलगडायचं, इंटिग्रल काढायचं, वर्ग करायचा. खालच्या पातळीची शक्यता येते सुमारे 0.36. दुसऱ्या पातळीची येते नेमकी 0.5. आणि या दुसऱ्या पातळीची ऊर्जा जुन्या पेटीतल्या ऊर्जेइतकीच निघते. यात बारावीच्या पलीकडचं गणित नाही, साइनचा साइनशी गुणाकार आणि एक इंटिग्रल. पण उतरवण्यासारखं काही नाही. कुठून सुरू करायचं हे आपलं आपण ठरवावं लागतं.

हे गणित आज रात्री करून बघ. उत्तर मी दिलंच आहे, तिथपर्यंत तू कशी पोचतेस ते बघ. अडलीस तर हरकत नाही. अडल्यावर अर्धा तास वही न मिटता बसवलं का, की दहाव्या मिनिटाला मोबाईलवर उत्तर शोधलं, ते स्वतःला खरं सांग. मला विचारशील तर एम.एस्सी. झेपेल का याची यापेक्षा चांगली प्रवेश परीक्षा नाही. जेईई-नीटच्या क्लासला गेलेल्या मुलांना ही सवय आधीच लागलेली असते, तुला जूनपर्यंत लावून घ्यावी लागेल, एवढाच फरक.

जूनपर्यंत नवीन काही वाचू नकोस. जुनंच पक्कं कर: मॅट्रिक्स आणि आयगेनव्हॅल्यू, साधी डिफरेन्शियल समीकरणं, फूरिए सिरीज, व्हेक्टर कॅल्क्युलस, कॉम्प्लेक्स नंबर. रोज दोन-तीन गणितं, पण शेवटपर्यंत, आकडा येईपर्यंत. पहिल्या सेमिस्टरला मॅथेमॅटिकल मेथड्स, क्लासिकल मेकॅनिक्स आणि क्वांटम एकदम अंगावर येतात आणि तिन्हींत हीच हत्यारं लागतात. इंग्रजीची भीती सोड. फिजिक्सच्या पुस्तकातलं इंग्रजी दोन महिन्यांत सवयीचं होतं. मराठी माध्यमाची मुलं अडतात ती सेमिनार देताना आणि व्हायव्हात, उत्तर येत असूनही तोंड उघडत नाहीत म्हणून. आमच्याकडे कित्येक मुलं मराठीत उत्तर देतात आणि कुणी गुण कापत नाही. परीक्षक बाहेरचा असेल तर तोही बहुतेक महाराष्ट्रातलाच असतो.

विद्यापीठ कुठलं, ते आता. इथे खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे. पुण्याची जमेची बाजू एका वाक्यात सांगायची तर विद्यापीठाच्या आवारातच आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र आहे, टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र (एनसीआरए) आहे आणि फिजिक्स विभाग 1952 पासूनचा. आयुकातलं खुलं व्याख्यान ऐकायला सायकलवर जाता येतं, ही चैन सगळ्यांना नाही. पण तुझं बी.एस्सी. दुसऱ्या विद्यापीठाचं, त्यामुळे बाहेरच्यांसाठीच्या जागा आणि प्रवेश परीक्षा हे दोन अडथळे आहेत. वरून पुण्यातला राहण्याचा खर्च. होस्टेल मिळालं तर वेगळं, खोली घ्यावी लागली तर घरच्यांना विचारूनच ठरव. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं थिन फिल्म्सचं काम जुनं आणि नावाजलेलं आहे. मटेरियल सायन्सकडे ओढा असेल तर ते पुण्यापेक्षाही बरं पडेल. मुंबईला विद्यापीठाचं कालिना संकुल, पलीकडे टीआयएफआर आणि भाभा केंद्र. सोलापूर, जळगाव, नांदेड ही नंतरची विद्यापीठं. वर्ग लहान असला तर शिक्षकांपर्यंत पोचणं सोपं जातं आणि घरून डबा येतो. डबा ही छोटी गोष्ट नाही, मेसच्या जेवणानं आजारी पडून सेमिस्टर घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

नावावरून ठरवण्यापेक्षा त्या विभागात सध्या शिकणाऱ्या एखाद्या सीनियरला गाठ आणि खोदून विचार. कायम शिक्षक किती आणि तासिकेवरचे किती? प्रॅक्टिकलच्या एका सेटअपवर किती जण बसतात? प्रोजेक्ट एकट्यानं करायचा की चौघांत मिळून एक फाइल? मागल्या दोन वर्षांत नेट, गेट कुणाला लागलं? या उत्तरांवरून विभाग जिवंत आहे की नुसताच चालू आहे, ते लगेच कळतं. प्रोजेक्ट चौघांत वाटला जातो तिथे जाऊ नकोस, बाकी सगळं चांगलं असलं तरी.

आयआयटी-जॅम, म्हणजे आयआयटीतल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा, दे, आशा असो वा नसो. फेब्रुवारीत असते, फॉर्म आदल्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास निघतात. तीन तास, 60 प्रश्न, 100 गुण. आयआयटी लागलं तर उत्तमच. नाही लागलं तरी तिच्या तयारीनं पहिलं सेमिस्टर अर्धं सोपं होतं आणि विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा तिच्यापुढे हलक्या वाटतात. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी आहे, तीही त्याच तयारीत निघते.

प्रवेश झाल्यावर लोक कुठे चुकतात? प्रॅक्टिकलला. थिअरीकडे सगळे डोळे लावून बसतात आणि प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल पूर्ण करून सही घ्यायची, असा समज. फोर-प्रोबनं जर्मेनियमचा बँड गॅप काढायचा प्रयोग जवळपास सगळीकडे असतो. तापमान वाढवत न्यायचं, रोधकता मोजायची, मग रोधकतेच्या लॉगचा 1000 भागिले केल्विन तापमान याच्याशी आलेख. उतार 1.7-1.8 च्या आसपास येतो, त्याला 0.397 नं गुणलं की 0.7 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. बरोबर उत्तर, सही, पुढचा प्रयोग.

पण आलेखाकडे नीट बघ. खोलीच्या तापमानाजवळचे बिंदू रेषेवरून सुटून खाली वाकलेले दिसतात. दर बॅचला कुणीतरी पट्टी ठेवून त्यांच्यामधूनच रेष मारतं आणि बँड गॅप कमी येतो. मग मागल्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरतात. ते बिंदू चुकीचे नाहीत. त्या तापमानाला अजून अशुद्धीतून आलेले वाहक भारी आहेत, जर्मेनियमचे स्वतःचे नाहीत. सेमिकंडक्टरचा अख्खा धडा त्या वाकलेल्या तुकड्यात आहे. दुसरं, हीटर चालू असताना घाईघाईनं रीडिंग घेतलं तर थर्मामीटर नमुन्याच्या मागे राहतं. हीटर बंद करून तापमान सावकाश उतरताना रीडिंग घ्यायचं. हे ज्यांना स्वतःहून सुचतं, त्यांना प्रोजेक्टला घ्यायला शिक्षक आपणहून तयार असतात. आणि पीएच.डी.च्या मुलाखतीत हेच विचारतात, "तुम्ही काय मोजलंत आणि त्यावर विश्वास का ठेवायचा?"

आता अभ्यासक्रम नव्या शैक्षणिक धोरणाचा आहे. दोन वर्षांत 88 क्रेडिट, त्यात संशोधन पद्धती, ऑन-जॉब ट्रेनिंग आणि रिसर्च प्रोजेक्ट आले. ऑन-जॉब ट्रेनिंग बरीच मुलं गावाजवळच्या कुठल्यातरी दुकानवजा कंपनीतून सही-शिक्का आणून उरकतात. तू तसं करू नकोस. उन्हाळ्यात आयुका, टीआयएफआर, एनसीआरए विद्यार्थ्यांना घेतात. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिपही आहे. अर्ज हिवाळ्यातच भरावे लागतात, म्हणजे तू पहिल्या सेमिस्टरलाच असशील आणि डोकं वर काढायला वेळ नसेल. तरी भर. (चार वर्षांची ऑनर्स पदवी केली तर पुढे एम.एस्सी. एक वर्षाची, अशीही सोय नव्या धोरणात आहे. तुझ्या बॅचला ती लागू आहे का ते कॉलेजात विचार. चौथ्या वर्षाला तिथे प्रयोगशाळा नीट नसेल तर त्या सोयीचा मोह धरू नकोस.)

नेटची तयारी वेगळी करावी लागत नाही, असं मी सांगते तेव्हा मुलं हसतात. पण फिजिकल सायन्सेसच्या पेपरची रचना बघ: पहिल्या भागात सामान्य क्षमतेचे 15 प्रश्न, दुसऱ्यात 20, तिसऱ्यात 20 सोडवायचे. तीन तास, 200 गुण. एका प्रश्नाला जेमतेम सव्वातीन मिनिटं मिळतात. तिथे डेरिव्हेशन नाही, मघाच्या पेटीसारखे प्रश्न आहेत. पहिल्या दिवसापासून तशी गणितं करत गेलीस तर तिसऱ्या सेमिस्टरपर्यंत दुसरा भाग बहुतेक तयार होतो. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात असतानाच परीक्षेला बसता येतं. बस. पहिल्या खेपेला नाही निघाली तरी वेळेचं गणित कळतं. आणि दोन वर्षांत कधीतरी पायथन शीक. निदान एखादं डिफरेन्शियल समीकरण संख्यात्मक पद्धतीनं सोडवून त्याचा आलेख काढता यायला हवा. पुढे फिजिक्स सोडून डेटाच्या कामाकडे वळावंसं वाटलं तर तेच उपयोगी पडतं, आणि तसं वळणारी मुलं दरवर्षी असतात. त्यात कमीपणा मानू नकोस.

पैशाचं थोडक्यात. सरकारी विद्यापीठाची फी खाजगीच्या मानानं कमी असते, जड जातं ते राहणं-खाणं. पुण्यात आणि इतरही विद्यापीठांत "कमवा आणि शिका" योजना आहे, तासावर काम मिळतं. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर तुझ्या प्रवर्गाची शिष्यवृत्ती बघ. अनुसूचित जातीतली असशील आणि सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात होतीस का? तर इन्स्पायर शिष्यवृत्तीचे वर्षाला 80,000 पर्यंत एम.एस्सी.लाही चालू राहतात. बी.एस्सी.ला घेतली असशील तर पुढे चालू ठेवायचे कागद वेळेत भर. पीएच.डी.पर्यंत गेलीस तर बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिपही आहेत.

आणि कागदपत्रं. विद्यापीठ बदलणाऱ्यांचं घोडं इथेच पेंड खातं. टी.वाय.चा निकाल लागला की टी.सी. आणि मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्ज त्याच आठवड्यात कर. मायग्रेशन तुझ्या विद्यापीठातून येतं, कॉलेजातून नाही. नॉन-क्रिमीलेयर लागत असेल तर ते 31 मार्चनंतरही चालणारं आहे का ते तपास, नसेल तर एप्रिलमध्येच सेतू केंद्रात जा. जूनमध्ये तिथे अकरावी-बारावीवाल्यांची रांग असते. जात पडताळणी झाली नसेल तर उद्याच सुरू कर, कारण मेरिट लिस्टमध्ये नाव असूनही त्या एका कागदासाठी जागा गेलेली मुलं आमच्या ऑफिसच्या खिडकीसमोर दरवर्षी उभी असतात.